सोडतीचा डबा कोणाच्या हातात?



रोही आणि रानडुकरांचा त्रास काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तापीकाठ असो, गिरणाकाठ असो, नाहीतर वर सातपुड्याच्या पायथ्याचं चोपडा-यावल असो, मका दाणे धरायला लागला की माणसाची झोप जाते. रात्रभर डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, शेकोटी करून माळ्यावर बसायचं. आणि पहाटे दोन तास डोळा लागला की तेवढ्यात कळप येऊन अर्धं वावर आडवं करून जातो. ज्याचं चाळीस एकर बागायत आहे तो तारेचं कुंपण करतो. ज्याचं दीड एकर आहे, आणि तेही अजून कागदावर त्याचं नाही, तो काय करणार?

ह्या त्रासाचा फायदा घेऊन सध्या एक नवीन बोलणं कानावर येतंय. शहरातले बंदूकवाले, पर्यटनवाले बोलतात आणि त्यांचं ऐकून आपलीही चार शिकलेली पोरं बोलायला लागलीत. ते म्हणतात, "अमेरिकेत बघा. तिकडे एल्क नावाचं मोठं हरीण आहे. सरकार दरवर्षी मोजकी परमिटं काढतं, लोक अर्ज करतात, कॉम्प्युटरवर सोडत निघते, ज्याचं नाव लागलं तो पैसे भरून गाइड घेऊन शिकारीला जातो. सरकारला पैसा, जनावरावर ताबा, गावातल्या माणसाला गाइडचा रोजगार. आपल्याकडेही रोही-डुकराचं असंच करा. बाहेरचा शिकारी येईल, आदिवासी पोरगं गाइड होईल, पीकही वाचेल."

ऐकायला गोड आहे. म्हणून ह्या अंकात ह्याच्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. तिकडची सोडत खरी कशी चालते, तिकडच्या आदिवासींचं त्या सोडतीत काय झालं, आणि आपल्या धरणगावात "गाइड" ह्या शब्दाचा इतिहास काय आहे, हे सगळं बघू आणि मग ठरवू.

तिकडची सोडत कशी असते?

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच गोतातलं जनावर, पण अंगाने आणखी थोराड. नर तीनशे किलोच्या पुढे जातो, शिंगं माणसाच्या हातापेक्षा लांब. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडच्या गोऱ्या लोकांनी बेसुमार मारून हे जनावर संपवत आणलं होतं. मग कायदे केले, हंगाम ठरवले, परमिटं मोजकी केली. आज तिकडे एल्क पुन्हा दहा लाखांच्या आसपास आहेत. हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. परमिटाच्या पैशावर तिकडचं वन्यजीव खातं चालतं, हेही खरं आहे. आणि राजा-महाराजाने मन मानेल तेव्हा शिकार करायची, त्यापेक्षा सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून काढणं बरं, हेही आपण मान्य करू. उगाच विरोधाला विरोध करायचा नाही.

पण आता आत शिरून बघा.

न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे. तिथे कायद्यानेच सोडतीचे तीन वाटे केलेत. शंभर परमिटांतली चौऱ्याऐंशी राज्यातल्या रहिवाशांना. सहा बाहेरच्या राज्यातल्या लोकांना. आणि उरलेली दहा कोणाला? ज्याने अर्ज करायच्या आधीच शिकार घडवून आणणाऱ्या धंदेवाल्याशी, म्हणजे गाइड कंपनीशी करार केलाय त्याला. म्हणजे चिठ्ठ्या एकाच जंगलाच्या, पण डबे तीन. ज्याच्या खिशात गाइडचे पैसे आहेत त्याच्यासाठी वेगळा डबा! आणि हे पैसे किती? अशा गाइडवाल्या शिकारीला साधारण पाच हजार डॉलरच्या पुढेच लागतात. आपल्या रुपयात चार लाखांच्या वर. ह्यात परमिटाची फी वेगळी.

वायोमिंग नावाचं दुसरं राज्य. तिथल्या राखीव रानात बाहेरच्या राज्याचा माणूस एल्क मारायला गेला तर बरोबर परवानाधारक गाइड नाहीतर तिथला रहिवासी पाहिजेच, असा नियम. तिथेच बाहेरच्यांसाठी पॉइंटची पद्धत आहे. सोडतीत नाव लागलं नाही तरी दरवर्षी पैसे भरून एक पॉइंट विकत घ्यायचा. जितके पॉइंट जास्त तितका नंबर पुढे. म्हणजे जो पंधरा वर्षं न चुकता पैसे भरू शकतो त्याची चिठ्ठी जड होत जाते. ह्याला सोडत म्हणायचं की भिशी?

अजून एक गोष्ट ऐका. न्यू मेक्सिकोतच जमीनमालकांसाठी वेगळी योजना आहे. तुमच्या जमिनीवर एल्क चरतात, म्हणून तुम्हाला परमिटाचा हक्क मिळतो, आणि तो हक्क तुम्ही दुसऱ्याला विकू शकता. हजारो डॉलरला विकतात. तर तिकडे मोठ्या रानाचा मालक म्हणतो, "ह्या जनावराने माझं गवत खाल्लं," तर त्याला विकायला परमिट मिळतं. इकडे आपला माणूस म्हणतो, "ह्या जनावराने माझा मका खाल्ला," तर त्याला पंचनाम्याची तारीख मिळते. फरक जनावरात नाही. फरक सातबाऱ्यात आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे त्यावर सगळं ठरतं, अमेरिकेतही आणि जळगाव जिल्ह्यातही.

ज्यांचं रान होतं, त्यांचं काय?

आता मुख्य प्रश्न. हे एल्क सोडत सुरू होण्याआधी कोणाचे होते? तिकडच्या आदिवासींचे. त्यांनी कोणाकडे अर्ज केला नव्हता, परमिट काढलं नव्हतं.

क्रो नावाची एक आदिवासी जमात आहे. १८६८ साली अमेरिकी सरकारने त्यांच्याशी करार केला. क्रो लोकांनी आपली कोट्यवधी एकर जमीन सोडायची आणि छोट्या राखीव भागात राहायचं. बदल्यात सरकारने लिहून दिलं की सोडलेल्या रानात जिथे वस्ती झालेली नाही तिथे, शिकार आहे तोपर्यंत, तुम्हाला शिकारीचा हक्क राहील. पुढे १८९० साली वायोमिंग राज्य झालं. राज्य म्हणालं, आता आमचे नियम. हंगाम पाळा, परमिट काढा, तुम्हीही रांगेत या. १८९६ साली तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका जमातीच्या खटल्यात सांगून टाकलं की राज्य झालं म्हणजे जुना करार संपला.

शंभर वर्षं असंच चाललं. मग जानेवारी २०१४ मध्ये क्लेविन हेरेरा नावाचा क्रो जमातीचा माणूस आणि त्याचे सोबती बिगहॉर्न नावाच्या सरकारी जंगलात गेले, एल्क मारले आणि मांस घरी आणलं. परमिट नाही, हंगाम नाही. राज्याने केस केली, शिक्षा केली. तो म्हणाला, माझ्याकडे परमिट नाही, पण माझ्या जमातीकडे १८६८ चा करार आहे. खालची कोर्टं त्याच्या विरोधात गेली, पण तो मागे हटला नाही. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की राज्य झालं म्हणून आदिवासींचा करारातला हक्क मरत नाही. १८९६ चा जुना निकाल आता चालणार नाही. ते जंगल कराराच्या अर्थाने वस्तीचं धरायचं की नाही, हा वाद त्यांनी पुन्हा खाली पाठवला. म्हणजे लढाई तिथेच संपली नाही. पण मूळ गोष्ट मान्य झाली. ज्याचा हक्क आहे त्याला सोडतीच्या रांगेत उभं करून त्याचा हक्क पुसता येत नाही.

दुसरं उदाहरण ह्याहून आपल्या कामाचं आहे. त्याच न्यू मेक्सिकोत मेस्कलेरो अपाची जमात आहे. त्यांच्या राखीव भागात एल्क जवळजवळ संपले होते. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी बाहेरून थोडी जनावरं आणून सोडली, रान राखलं, पाणी राखलं, कळप वाढवला. हजाराच्या वर एल्क झाले. मग जमातीने स्वतःचे नियम केले. कोणी यायचं, किती मारायचे, फी किती. बाहेरच्या शिकाऱ्याला जमात स्वतः परमिट द्यायला लागली. लगेच राज्य सरकार जागं झालं! म्हणालं, बाहेरचा शिकारी आमच्याही परमिटाशिवाय मारू शकत नाही, आमचाही नियम त्याला लागू. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८३ साली एकमताने निकाल लागला की जमातीच्या जमिनीवर शिकारीचे नियम जमातच करेल, राज्याने त्यात पडायचं नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. सोडत चांगली की वाईट, गाइड चांगला की वाईट, परमिट स्वस्त की महाग, हे सगळे नंतरचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न एकच आहे, सोडतीचा डबा कोणाच्या हातात आहे? मेस्कलेरोंच्या हातात डबा आहे, तर परमिटाचा पैसा त्यांचा, जंगल त्यांचं, नियम त्यांचा. तिकडच्या ज्या आदिवासींच्या हातात डबा नाही, त्यांनी कराराचा कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

आता आपल्या धरणगावाकडे या

आपली पोरं म्हणतात, "गाइडचं काम काय वाईट आहे? रान आपल्याला माहीत, माग आपल्याला काढता येतो." बरोबर आहे. पण हे काम आपल्याला नवीन नाही. दोनशे वर्षांपूर्वी ह्याच धरणगावात ह्या कामाची भरती झाली होती.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला. घेतला म्हणजे काय, कागदावर घेतला. सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. फौजा पाठवल्या, पकडले, मारले, पण जमेना. मग १८२५ साली त्यांनी दुसरा डाव टाकला. भिल्लांचीच पलटण उभी करायची. खानदेश भिल्ल कोअर. तिचं ठाणं कुठे? धरणगावला. आणि साहेब कोण? जेम्स औट्रम, तेव्हा बाविशीतला.

ह्या औट्रमने भिल्लांचा विश्वास कसा मिळवला? शिकारीने! तो आपल्या लोकांबरोबर पायी रानात जायचा, वाघ मारायचा, त्यांच्यात बसायचा. आपले लोक साधे. त्यांना वाटलं, साहेब धीट आहे, आपल्यातला आहे. सुरुवातीला बोटावर मोजण्याइतके भरती झाले, मग शेकड्याने झाले. औट्रम खानदेशात होता त्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दीडशेहून जास्त वाघ मारले. प्रत्येक वाघाचा माग कोणी काढला? आपण. हाका कोणी घातला? आपण. मचाणावर बंदूक कोणाची? साहेबाची. नाव कोणाचं झालं? साहेबाचं. पुस्तकात गाजलं ते औट्रमचं नाव, हाक्यातल्या भिल्लांचं नाही.

आणि पुढे काय झालं? १८३० साली हाच औट्रम हीच भिल्ल पलटण घेऊन डांगावर चालून गेला. डांगमध्ये कोण होतं? भिल्लच. वाघाची वाट दाखवणाऱ्यांना आपल्याच भावांची वाट दाखवायला लावली. साथींनो, गाइड ह्या कामात धोका आहे तो हा. वाट दाखवणाऱ्याला वाट कुठे जाते ते ठरवता येत नाही. ते ठरवतो तो, ज्याच्या हातात हुकूम असतो.

सगळे भिल्ल काही साहेबाच्या मागे गेले नाहीत. १८५७ च्या उठावात सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक उभे राहिले, भीमा नाईक उभे राहिले, १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला लढाई झाली. रान त्यांनाही माहीत होतं. त्यांनी ते रान साहेबाला दाखवलं नाही, साहेबापासून राखलं. आपल्या पोरांनी आपले पूर्वज कोणते मानायचे ते स्वतः ठरवावं.

मग जंगल खातं आलं. १८७८ चा जंगल कायदा, नंतर १९२७ चा. राखीव जंगलात झाड तोडणं गुन्हा, गुरं चारणं गुन्हा, खात्याचे नियम मोडून शिकार करणं, मासे धरणं, फासा लावणं गुन्हा. कालपर्यंत जे जगणं होतं ते आज गुन्हा झालं. पण साहेब लोकांची आणि संस्थानिकांची शिकार बंद झाली का? नाही झाली. त्यांना परवाने होते, त्यांच्यासाठी डाकबंगले होते, रान अडवून ठेवलेलं होतं. स्वातंत्र्य मिळालं तरी परवाना संपला नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा झाला त्यातसुद्धा शिकारीच्या परवान्याचे चार प्रकार लिहिलेले होते. ते १९९१ साली काढले. म्हणजे वाघ, सांबर संपत आले तेव्हा शिकार बंद झाली, आणि तोपर्यंत ज्यांनी मारले ते म्हातारे होऊन निसर्गप्रेमी झाले. चोर कोण ठरला? ज्याच्या झोपडीत तिरकामठा सापडला तो.

आणि २००६ चा वनहक्क कायदा, जो आपण लढून मिळवला, त्यातही एक ओळ नीट वाचा. पूर्वापार चालत आलेले सगळे हक्क मान्य, पण शिकारीचा परंपरागत हक्क वगळून, असं स्पष्ट लिहिलंय. आपण ते मान्य केलं. आज रानात जनावर उरलं कुठे? सांबर, भेकर दिसलं तर चार दिवस चर्चा होते. म्हणून आपली संघटना शिकार सुरू करा अशी मागणी करत नाही, करणारही नाही. पण मग ज्या कायद्याने आदिवासीला शिकारीचा हक्क नाही म्हटलं, त्याच देशात परमिट काढून बाहेरच्या माणसाला शिकारीची मौज द्यायची आणि आदिवासीला त्याच्यापुढे चालायला लावायचं, हे कसं मान्य करणार? हक्क मागितला की गुन्हा, आणि मजुरीने केलं की रोजगार?

आत्ताचा कायदा काय देतो?

कोणी म्हणेल, पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी आत्ताही मिळते. मिळते. वन्यजीव कायद्यात तशी तरतूद आहे आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने रोही आणि रानडुकरासाठी आदेशही काढलाय. शेतकऱ्याने वनखात्याकडे अर्ज करायचा, परवानगी घ्यायची. पण परवानगी मिळाली तरी मारायचं कशाने? बंदुकीने. बंदुकीला परवाना पाहिजे. आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्या एकलव्य वस्तीत परवान्याची बंदूक किती घरांत आहे? म्हणजे अर्ज आपला, नुकसान आपलं, आणि बंदूक गावातल्या बड्या माणसाची. हीसुद्धा बिनडब्याची सोडतच झाली, आणि तिच्यात आपलं नाव कधीच निघत नाही.

बंदूक बाहेरून आली की काय होतं तेही देशाने बघितलंय. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला बाहेरून बोलावलेल्या शिकाऱ्यांनी थोड्या दिवसांत दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली, तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. गोळी घालणारा हैदराबादहून आलेला खाजगी शिकारी. देशभर वाद झाला, शिकाऱ्याची चर्चा झाली, मंत्र्याची झाली, वाघिणीच्या पिल्लांची झाली. ज्या गावांतली माणसं गेली, ज्यांना महिनोन् महिने शेतात जायची भीती होती, त्यांच्या ग्रामसभेला कोणी विचारलं होतं का, काय करायचं ते?

कायद्यातला आणखी एक विनोद बघा. वन्यजीव कायद्याप्रमाणे मारलेलं किंवा मेलेलं आढळलेलं रानटी जनावर सरकारची मालमत्ता असते. म्हणजे डुक्कर मेलं की सरकारचं. आणि जिवंत असताना आपला मका खात होतं तेव्हा कोणाचं होतं? तेव्हा ते निसर्गाचं! सरकारला मालकी पाहिजे, पण मालकाची जबाबदारी नको. माझी म्हैस शेजाऱ्याच्या वावरात शिरली तर मला भरपाई द्यावी लागते, वरून शिव्या खाव्या लागतात. सरकारचं जनावर शिरलं तर आपणच फोटो काढायचे, आपणच अर्ज करायचा, आपणच हेलपाटे मारायचे. आणि ज्याचा वनदावा अजून मंजूर नाही त्याला म्हणायचं, "तुझ्या नावावर जमीनच नाही, भरपाई कसली मागतो?"

सगळ्याचीच सोडत करून ठेवली

आपल्याला सोडतीची सवय लावली जातेय, हेही समजून घ्या. ट्रॅक्टर पाहिजे? २०२५ पर्यंत महाडीबीटीवर अर्ज करायचा, लॉटरी लागली तर मेसेज यायचा. ठिबक पाहिजे? तिथेही लॉटरीच होती. पोराला चांगल्या शाळेत टाकायचं? आरटीईची लॉटरी. मोबाइलवर "आपली निवड झाली आहे" असा मेसेज आला की माणूस पेढे वाटतो. वस्तू कमी आणि मागणारे जास्त असतील तर सोडत काढणं एका अर्थाने न्यायाचं आहे, मी नाही म्हणत नाही. ट्रॅक्टरच्या अनुदानावर कोणाचाच आधीपासून हक्क नव्हता. पण हक्क आणि योजना ह्यात फरक आहे. योजना मिळते, हक्क असतो. योजनेत नंबर लागतो, हक्कात नंबर लागत नाही.

आणि आपल्या वनदाव्यांचं काय चाललंय? कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर पट्टा मिळालाच पाहिजे. ग्रामसभेने ठराव करायचा, उपविभागीय समितीने तपासायचा, जिल्हा समितीने मंजूर करायचा. ह्यात नशिबाचा संबंध कुठे आला? पण एकाच पाड्यातल्या, एकाच बांधाला लागून असलेल्या दोन भावांपैकी एकाचा दावा मंजूर आणि दुसऱ्याचा नामंजूर. पुरावे सारखे, वहिवाट सारखी. कारण विचारलं तर कागदावर एक ओळ, कधी तीही नाही. आणि मंजूर झाला तरी कसत होता चार एकर, हातात पडला दीड एकर. ही सोडतच झाली. फरक इतकाच की अमेरिकेतला सोडतीत हरलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो. आपला सोडतीत हरलेला माणूस अतिक्रमणदार ठरतो. १३ फेब्रुवारी २०१९ आठवा. ज्यांचे दावे नामंजूर झालेत त्यांना जंगलातून काढा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता. देशभरातले आदिवासी रस्त्यावर आले तेव्हा २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नाही, टांगती तलवार आहे. त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे क्रो आदिवासींचा हक्क न्यायालयाने मान्य केला. दोन देश, एकच साल. धडा एकच की कागद जुना असला तरी सोडू नका.

मग आपलं म्हणणं काय?

जी पोरं गाइडच्या रोजगाराला भुललीत त्यांना मी दोष देत नाही. बारावी करून घरी बसलेल्या पोराला सुरतला ऊसतोडीला, नाहीतर गुजरातच्या कारखान्यात जाण्यापेक्षा आपल्या रानात काम मिळालं तर कोणाला नको आहे? पण भावांनो, दिवसाच्या मजुरीवर ज्याच्यापुढे चालायचं त्याला "साहेब" म्हणावं लागतं, जमीन कोणाची का असेना. आणि जमीन आपल्या नावावर झाली, जंगलाची राखण ग्रामसभेच्या हातात आली, तर त्याच रानात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला वाट दाखवायला मलाही कमीपणा वाटणार नाही. तेव्हा तो आपल्या नियमाने येईल. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पट्टा, मग परमिटाची गोष्ट. आधी ग्रामसभा, मग गाइड.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की जंगल, जनावर, पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनहक्क घेतला तर व्यवस्थापन गावाचं. चोपडा, यावल, रावेरच्या बऱ्याच गावांना पेसा कायदाही लागू आहे. आपला धरणगाव तालुका पेसात नाही, पण वनहक्क कायदा इथेही लागू आहे, हे विसरू नका आणि कोणाला विसरू देऊ नका.

म्हणून संघटनेपुढे आणि प्रत्येक ग्रामसभेपुढे हे ठराव मांडतो :

१. बाहेरच्या शिकाऱ्यांना परमिट देऊन शिकार-पर्यटन सुरू करायच्या कोणत्याही योजनेला आमचा विरोध राहील. आदिवासीच्या त्रासाचं निमित्त करून हौसेची शिकार चालणार नाही.

२. रोही-रानडुकराचं काय करायचं हे त्या गावच्या ग्रामसभेला विचारूनच ठरवा. कुंपण, राखण, पकडून नेणं, सगळ्याचा खर्च जनावराचा मालक म्हणवणाऱ्या सरकारने करावा.

३. नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला पाहिजे आणि भरपाई कसणाऱ्याला मिळाली पाहिजे. वनदावा प्रलंबित आहे म्हणून भरपाई नाकारायची नाही.

४. पीक राखताना आदिवासींवर घातलेल्या केसेस मागे घ्या.

५. सर्व प्रलंबित आणि नामंजूर वनदावे ग्रामसभेसमोर पुन्हा तपासा. नामंजुरीचं कारण लेखी, मराठीत, दावेदाराच्या हातात द्या.

पुढच्या ग्रामसभेत हे ठराव वाचून दाखवा, त्यावर भांडा, दुरुस्त्या सुचवा, पण सह्या-अंगठे झाल्याशिवाय उठू नका. ठरावाची एक प्रत ग्रामसेवकाकडे, एक तहसीलला, एक आपल्याकडे. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

आणि तुमच्या वस्तीत कोणी येऊन म्हणालं, "तुमचं नाव सोडतीत टाकतो," तर त्याला आधी विचारा, "डबा कोणाच्या हातात आहे?"

जंगल आमचं, जमीन आमची! ग्रामसभा जिंदाबाद! जोहार!